देवदूत, परग्रहवासी की कोणी वाटसरू? आमच्या मोठ्या बाबांच्या प्रकरणात मानायचं काय?

बांधावरचा — शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. शीर्षक वाचून हसायचं ते हसून घ्या, पण मग नीट उत्तर द्या. इथं पैशाचा आणि घरातल्या शांततेचा प्रश्न आहे.

आमचं गाव सिंदेवाहीच्या पट्ट्यात, सगळं धानाचं. भाद्रपदात पावसानं ओढ दिली, बांध्यांना भेगा पडायला लागल्या आणि त्या आठवड्यात थ्री फेज लाईन रात्रीची होती. मोठे बाबा (वडिलांचे थोरले भाऊ, सत्तरी ओलांडलेले) कोणाला न सांगता मोटार सुरू करायला गेले. लाईन आली नव्हती म्हणून शेतातल्या खोपडीत गोणपाट टाकून खालीच आडवे झाले. जाग आली ती पोटात कळ येऊन. पापण्या वर होईनात. कसेबसे रस्त्यापर्यंत आले आणि तिथंच बसले.

पुढचं त्यांच्याच तोंडून : "एक पांढऱ्या कपड्याचा माणूस आला. मोटारसायकलवर बसवलं, माझाच दुपट्टा माझ्या नि त्याच्या कमरेला गुंडाळून बांधला. एक शब्द बोलला नाही. दवाखान्यात उतरवून दिलं अन् नाहीसा झाला."

डॉक्टरांनी मण्यार साप चावल्याचं सांगितलं. वेळेत इंजेक्शन मिळालं, मोठे बाबा घरी आहेत, विड्या परत सुरू झाल्यात. आणणाऱ्याचं नाव दवाखान्याच्या रजिस्टरवर नाही. आजूबाजूच्या गावांत विचारलं, कोणी पुढे येत नाही. मोठ्या बाबांचं पक्कं झालंय : तो देवदूत होता.

आता गंमत बघा. चुलतभावाचा पोरगा नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. तो व्हिडिओ बघून म्हणतो देवदूत, गंधर्व, फरिश्ते हे सगळे परग्रहवासीच, जुन्या लोकांना कळलं नाही. आणि दुसऱ्या तालुक्यातले एक महाराज येऊन सांगून गेले की जागा जागृत आहे, तिथं देवाचं ठाणं बांधा. रस्त्याकडेला झुडपी जंगलाची पट्टी आहे तिथं. घरटी वर्गणी ठरली, आणि गोळा करायला कोण, तर मी, कारण माझं कृषी केंद्र आहे आणि सगळ्यांचे हिशेब माझ्या वहीत असतात.

मी बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस. नाही म्हणावं तर मोठे बाबा दुखावतात, हो म्हणावं तर स्वतःलाच पटत नाही. असल्या गोष्टींत तुम्ही लोक मत बनवता तरी कसं?


तर्रीपोहा — शनिवार, रात्री ९:२४

परग्रहवासी येतील तेव्हा येतील. त्या भागात रात्री एकट्यानं बांधीवर जायचं म्हणजे आधी वाघाचं बघा. वाघानं सोडलं हाच खरा चमत्कार.


इंजेक्शनवाली ताई — शनिवार, रात्री १०:०२

भाऊ, आधी मोठे बाबा वाचले त्याबद्दल आनंद. मी ग्रामीण रुग्णालयात आहे (तुमच्या नाही), मण्यारीच्या केसेस दर पावसाळ्यात येतात. त्यातलं जेवढं मला ठाऊक आहे तेवढं सांगते.

मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, सूज नाही, कित्येकदा दुखतही नाही. माणूस पोटदुखीनं उठतो आणि घरचे ॲसिडिटी समजून ओवा देतात. विष नसांवर काम करतं : पापण्या पडतात, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, पुढे श्वास थांबतो. पण शुद्ध बहुधा असते, ऐकू येत असतं. म्हणून त्यांना दुपट्टा बांधलेला आठवतो आणि चेहरा आठवत नाही, यात मला काही गूढ दिसत नाही. डोळे उघडतच नव्हते तर चेहरा दिसणार कसा? आणि बोलला नाही म्हणता, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर पेशंट सांभाळत गाडी हाकणारा काय गप्पा मारेल?

नाहीसे होणारे लोक आम्ही नेहमी बघतो. पोलिसांचं लफडं नको, कोर्टाच्या चकरा नकोत म्हणून पेशंट स्ट्रेचरवर टाकतात आणि गाडीला किक मारतात. रस्ता अपघातातल्या जखमीला आणणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नको, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच मान्य केलंय, पण गावात कोणाला माहीत आहे? सापाच्या केसमध्ये तर लोक आणखी घाबरतात.

एक मात्र महाराजांच्या कानावर घाला. उद्या कोणाला साप चावला आणि दवाखान्याऐवजी त्या ठाण्यावर नेऊन झाडझूड केली, तर ते २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा त्यात स्पष्ट गुन्हा आहे.


खारपाणपट्टा — शनिवार, रात्री १०:४०

भाऊ, तुमी सारे शिकलेले लोकं, पन मले एक सांगा. एवढ्या मोठ्या दुनियेत आपनच एकटे हावो का? सहा हजाराच्या वर ग्रह सापडले म्हनते सूर्यमालेच्या बाहेर. मंग जुन्या पोथ्यायनी विमानं काहून लिहून ठेवली? सारेच्या सारे खोटं बोलून राहिले होते का? माह्या मते तुमच्या पुतन्याचं बरोबर हाय. देव-गंधर्व म्हनजे बाहेरूनच आलेले. आपल्या लोकायले समजलं नाही म्हून हात जोडले.


आकाशकंदील — शनिवार, रात्री ११:१५

खारपाणपट्टा भाऊ, तुमच्या एका प्रतिसादात तीन वेगळे प्रश्न गुंडाळले गेलेत. दुसरीकडे कुठं जीव आहे का? ते इथवर आले का? आणि पोथ्यांत लिहिलेले तेच का? पहिल्याचं उत्तर हो आलं तरी बाकीच्या दोघांचं आपोआप येत नाही.

पण धागा सिंदेवाहीचा आहे म्हणून आधी तिथलंच. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. मी चंद्रपुरात गच्चीवर होतो. आकाशातून जळते तुकडे ओळीनं गेले, शांतपणे, एकमेकांना समांतर. अर्ध्या महाराष्ट्रानं, मध्य प्रदेशानं, गुजरातनं पाहिलं. फोनवर फोन : उल्का पडली, विमान पडलं, क्षेपणास्त्र आलं, आणि हो, "ते" आले. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं, तीनेक मीटर व्यासाचं. नंतर आसपासच्या गावांत धातूचे गोळे मिळाले. पोलिसांनी वस्तू ठाण्यात नेल्या, इस्रोची माणसं येऊन बघून गेली. तेव्हा हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रात असलेले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल उपग्रहांच्या कक्षांचा हिशेब ठेवतात. त्यांनी तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३-बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा असं सांगितलं. गोळे म्हणजे अशा रॉकेटमध्ये दाबाखाली वायू भरून ठेवायच्या टाक्या असतात तसे.

उल्का सेकंदा-दोन सेकंदांत विझते, कारण तिचा वेग सेकंदाला किमान ११ किलोमीटर. कक्षेतून खाली येणारा कचरा सेकंदाला सात-आठ किलोमीटरनं, तिरपा, तुटत तुटत येतो आणि मिनिटभरसुद्धा दिसतो. कडं सापडायच्या आधीच, नुसतं बघूनसुद्धा, एवढं ओळखता येत होतं. म्हणजे "आकाशातून काहीतरी आलं" हे लोकांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. "कोणी पाठवलं" याबद्दलचे अंदाज तेवढे घसरले.

आता तुमचा पहिला प्रश्न. जीव असेल का? मला स्वतःला असावा असं वाटतं, पण वाटण्याला शास्त्रात कोणी विचारत नाही. के२-१८बी नावाचा ग्रह आहे, १२४ प्रकाशवर्षं लांब. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं एप्रिल २०२५ मध्ये तिथं डायमिथाइल सल्फाइडची खूण दिसल्याचं सांगितलं. पृथ्वीवर तो वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. लगेच दुसऱ्या गटांनी तीच निरीक्षणं तपासून म्हटलं, खूण पुरेशी ठसठशीत नाही. वाद चालू आहे आणि चालू राहायला हवा. शुक्रावरच्या फॉस्फिन वायूचं २०२० मध्ये असंच झालं.

आणि येण्याचं म्हणाल तर व्हॉयजर-१, १९७७ ला सुटलेलं यान, इतक्या वर्षांत जेमतेम एक प्रकाशदिवसाच्या अंतराजवळ पोचलंय. सर्वात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. त्या वेगानं जायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. तिथून कोणी आलाच, तर तो हिरो होंडावर येईल का, एवढाच माझा नम्र प्रश्न.


तर्रीपोहा — शनिवार, रात्री ११:२१

ॲव्हरेज चांगला देते ना भाऊ.


नागपूर हॉस्टेल — रविवार, सकाळी ८:३०

काका, मी वाचून राहिलो. लिंक घरच्या ग्रुपवर तुम्हीच टाकली.

माझं म्हणणं तुम्ही अर्धंच लिहिलं. तो माणूस एलियन होता असं मी बोललोच नाही. मी एवढंच म्हणालो की आबाजींचा देवदूत घरात सगळ्यांना चालतो, त्याच्यासाठी ठाणं बांधायला निघालात, आणि मी एलियन म्हटलं की सगळे खो खो हसतात. दोन्हीकडे पुरावा सारखाच, म्हणजे शून्य. उलट माझ्या बाजूला निदान दुर्बिणी लावून शोधणारे लोक आहेत. मग माझंच हसू का?


उर्दू शाळा — रविवार, सकाळी ९:०५

पोराचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला रागावू नका.

मी वाशीम जिल्ह्यात शिक्षक आहे, मुसलमान आहे. फरिश्त्यांवर विश्वास हा आमच्या इमानाचाच भाग, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो. पण "फरिश्ते म्हणजे परग्रहवासी" हे ऐकलं की मला दोन्ही बाजूंची दया येते. आमच्याकडे फरिश्ते नूरपासून, म्हणजे प्रकाशापासून, घडलेले, त्यांना स्वतःची मर्जी नाही, अल्लाहचा हुकूम तेवढा बजावतात. जिन्न वेगळे, आगीपासूनचे, आणि त्यांना बरं-वाईट निवडता येतं. यातलं काहीच दुर्बिणीतून दिसायचा दावा कोणी केलेला नाही. त्यांना दुसऱ्या ग्रहावरून यानात बसवून आणलं की श्रद्धावानाचा फरिश्ता गेला आणि शास्त्रज्ञाच्या हाती काही आलं नाही.

एक गोष्ट मात्र आठवली. हजरत इब्राहीम यांच्याकडे पाहुणे आले, साध्या माणसांसारखे. त्यांनी भाजलेलं वासरू पुढं ठेवलं. पाहुण्यांनी हात लावला नाही, तेव्हा त्यांना शंका आली की हे माणूस नव्हेत. बायबलातही अब्राहामाकडे आलेल्या तीन पाहुण्यांची गोष्ट आहे, तिथं मात्र ते जेवतात. म्हणजे कोण आलं हे न विचारता पाहुणचार आधी झाला. तुमच्या मोटारसायकलवाल्याला कोणी चहा विचारायच्या आतच तो गेला, नाहीतर उलगडा झाला असता.


चौदा ऑक्टोबर — रविवार, सकाळी ९:४८

दीक्षाभूमीला जाणाऱ्या घरातला आहे, त्यामुळे सरळ सांगतो. इथं एका माणसानं माणसाला वाचवलं. तो कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, हे विचारायच्या आत त्यानं अनोळखी म्हाताऱ्याला स्वतःच्या कमरेला बांधून नेलं. त्याला देवदूत केलं की त्याचं श्रेय आभाळात गेलं. रात्री पंप बंद करून घरी जाणारा कोणी मजूर असेल तो. त्याच्या नावानं ठाणं नको, त्याच्यासारखी चार माणसं गावात तयार होऊ द्या. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना उलटसुलट प्रश्न विचारून हेच वदवून घेत होते, आणि तेही आपल्या अमरावतीकडचेच.


खारपाणपट्टा — रविवार, सकाळी १०:१०

गाडगेबाबाचं बरोबर. पन चौदा भाऊ, मोठ्या बाबाले कायले दुखवता? मरता मरता वाचला मानूस. त्याले वाटते देवदूत, वाटू द्या नं.


चौदा ऑक्टोबर — रविवार, सकाळी १०:१४

त्यांना नाही, वर्गणीला विरोध आहे.


रिद्धपूरची वाट — रविवार, दुपारी १२:३०

आमचं घराणं महानुभाव, म्हणून एक वेगळी बाजू मांडते. चक्रधर स्वामींच्या तत्त्वज्ञानात चार गोष्टी स्वतंत्र आणि अनादि मानल्या आहेत : जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. बघा, देवता नाहीत असं स्वामी म्हणत नाहीत. आहेत, पुष्कळ आहेत, आपापल्या अधिकारात फळही देतात. पण त्या स्वतःच बद्ध आहेत, मोक्ष देऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्या मागे लागू नये. सासरी आल्यावर मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा नवल वाटलं होतं. माहेरी आम्ही "आहे म्हणजे पूजा, पूजा नाही म्हणजे नाहीच" अशा दोनच कप्प्यांत वाढलो.

एखादी गोष्ट असणं आणि तिच्यावर भिस्त ठेवणं यांत किती अंतर आहे बघा. बांधावरचा भाऊ, देवदूत असतात का यावर तुमचं घर कधी एक होणार नाही. पण समजा होता. तरी ठाणं बांधून तो पुन्हा येईल, साप चावलेल्या दुसऱ्या कोणाला उचलेल, अशी भिस्त ठेवायला आधार काय? त्यानं तर थांबून एक शब्दही मागितला नाही. मागतायत ते महाराज.


लोणारच्या काठी — रविवार, दुपारी २:००

विषयांतर करतो, आवरत नाही. आमच्या लोणारचं सरोवर म्हणजे तीन काळातली तीन उत्तरं. आधी लवणासुर : विष्णूनं त्याला मारलं, खड्डा झाला, पाणी खारट झालं. दैत्यसूदनाचं देऊळ अजून आहे आणि आम्ही अजून जातो. मग साहेबांच्या काळात ज्वालामुखी, कारण चहूकडे लाव्ह्यापासून बनलेला बेसाल्ट खडक, दुसरं काय असणार? आभाळातून काही आदळलं असेल असा अंदाज पुढे काही भूशास्त्रज्ञांनी बोलून दाखवला होता, पण तो अंदाजच राहिला. १९७३ मध्ये खडकात मॅस्केलिनाइट मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. प्रचंड धक्का बसला तरच बनणारी काच ती, लाव्ह्यात बनत नाही. एवढ्याशा काचेनं पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदीच्या खड्ड्याचा निकाल लावला. वयाबद्दल मात्र अजून भांडण आहे, पन्नास हजार वर्षं म्हणणारे आहेत आणि साडेपाच लाखांच्या वर म्हणणारेही.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं ते आठवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने बघितले, मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. आमच्या शेजारच्या आजी तरी म्हणतात राक्षसाचं रक्त वर आलं. म्हणोत बापा, पाण्याला काही फरक पडत नाही.


पगमार्क — रविवार, संध्याकाळी ६:४५

नागपूर हॉस्टेल, तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. मी आमच्या गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलात आहे, वाघ गावाजवळ आला की पळापळ करायचं काम.

कोणी बाई सरपणाला गेली आणि घाबरून परत आली, म्हणाली पट्टे दिसले. ठसा नाही, फोटो नाही. तरी आम्ही लगेच दवंडी देतो, गुरं आत घ्यायला लावतो. का? खोटं निघालं तर एक संध्याकाळ वाया, खरं निघालं तर एक जीव वाचला. पण त्याच गावात कोणाची गाय मेली आणि तो म्हणाला वाघानं मारली, तर तेवढ्यावर वनविभाग भरपाई देत नाही. तिथं पंचनामा : मानेवरचे दात, ओढत नेल्याची खूण, पंजाचा ठसा. वाघ तोच, गाव तेच, बोलणारी माणसं तीच. एकाच शब्दावर एकीकडे गाव हलतं आणि दुसरीकडे दमडी हलत नाही, कारण चुकलो तर जाणार काय ते दोन्हीकडे वेगळं आहे.

आबाजींनी मनात देवदूत ठेवला तर कोणाचं काही जात नाही, त्याला शब्द पुरे. तुझा एलियनही तसाच ठेव, हसणाऱ्यांना हसू दे. पण वर्गणी, झुडपी जंगलावरचं बांधकाम, ही भरपाईची केस झाली. (ती जमीन वनाच्या हिशेबात येते, तिथं ठाणं बांधलं तर वर्गणी राहील बाजूला, वनरक्षक दारात येईल.) तिथं पंचनाम्याशिवाय सही करू नका. तुझे व्हिडिओवाले "शास्त्रज्ञ लपवतात" म्हणून कोर्स विकायला लागले की त्यांनाही हाच नियम.


नागपूर हॉस्टेल — रविवार, संध्याकाळी ७:०२

हे पटलं. कोर्स नाही घेतला मी. (जवळजवळ घेतला होता.)


आकाशकंदील — रविवार, संध्याकाळी ७:३०

पगमार्क यांचं वाचून जयंत नारळीकर आठवले. २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून त्यांच्या गटानं ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली, त्यात सूक्ष्मजीव मिळाले. पुढच्या फुग्यातल्या नमुन्यांतून तीन नवीन जाती मिळाल्याचं इस्रोनं २००९ मध्ये जाहीर केलं. जीवन अंतराळातून आलं या कल्पनेकडे नारळीकरांचा ओढा उघड होता. तरीही हे सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरचेच असं यातून ठामपणे सिद्ध होत नाही, हे जाहीर करतानाच लिहिलं होतं. मनात काय आहे आणि कशावर सही करतो, हे त्या माणसांनी वेगळं ठेवलं.

बांधावरचा, एक व्यवहारी शंका. दवाखान्याच्या वाटेवर पेट्रोल पंप असेलच. तिथल्या कॅमेऱ्यात गाडीचा नंबर आला असेल. बघितलं का?


बांधावरचा — सोमवार, रात्री ९:३५

सगळ्यांना धन्यवाद. एकेकाला वेगळं उत्तर देत नाही.

कॅमेऱ्याचं मलाही सुचलं होतं, पण मोठ्या बाबांना विचारल्याशिवाय जाववेना. आज विचारलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "तुले पाहाचं असंल तर पाह्य. मले सांगू नको." मी गेलो. पंपवाल्यानं सांगितलं, पंधरा दिवसांचंच रेकॉर्डिंग राहतं, वरून नवीन चढतं. म्हणजे तो रस्ता बंद.

महाराजांना फोन करून सांगितलं की वर्गणी मी गोळा करणार नाही, आणि जागा वनाच्या हिशेबातली आहे. दुसऱ्या वाक्यानंतर त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. सरपंचांशी बोललो. ज्यांनी आधीच पैसे दिले त्यांना परत, आणि ज्यांना द्यायचेच आहेत त्यांच्या पैशातून बांधीवर जाणाऱ्यांना गमबूट, बॅटऱ्या आणि खोपड्यांत टाकायला खाटा. जमिनीवर कोणी झोपायचं नाही. इंजेक्शनवाली ताई, यासाठी कुठल्या सरकारी योजनेतून काही मिळतं का बघून सांगा.

मोठे बाबा रोज संध्याकाळी रस्त्यावर त्या जागी उदबत्ती लावतात. ती लावू देणार आहे. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, आबाजींना गाडीवर मी नेईन.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला वाटतं तो माणूसच होता, आणि चौदा ऑक्टोबर यांचं म्हणणं सगळ्यात जास्त पटलं. घरी हे बोललो नाही.


इंजेक्शनवाली ताई — सोमवार, रात्री १०:००

योजनेचं उद्या विचारते. खाटांना मच्छरदाणी लावून कडा गादीखाली नीट खोचायला सांगा, सापालाही अडवते.


खारपाणपट्टा — सोमवार, रात्री १०:२०

सारं झ्याक झालं. पन माह्या प्रश्नाचं कोनी बोललंच नाही, विमानाचं. आकाशकंदील भाऊ, तुमची दुर्बीन घेऊन येता का आमच्या इकळे? जेवन माह्याकडे. पुऱ्या गावाले दाखवू.


आकाशकंदील — सोमवार, रात्री १०:३१

येतो. दिवाळीनंतर, आकाश स्वच्छ झालं की. विमानाचं जेवताना भांडू. शनीची कडी बघायला लहान पोरांना आधी रांगेत लावा, मोठे लोक डोळा लावला की हटत नाहीत.


तर्रीपोहा — सोमवार, रात्री १०:३३

तिकडे वाघ नाही ना? मग मीपण येतो.